साठ वर्षांत सोळा सामने

एशियन कपमध्ये भारताचा पुरुष फुटबॉल संघ आजवर सोळा सामने खेळलाय. तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला, बारा हरले. बारा गोल केले, तेहेतीस खाल्ले. पहिला सामना मे १९६४ मधला, शेवटचा जानेवारी २०२४ मधला. आयपीएलमधला कुठलाही संघ नुसत्या साखळी फेरीत दोन महिन्यांत चौदा सामने खेळतो. आपल्या फुटबॉल संघाला आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेत सोळा सामने खेळायला साठ वर्षं लागली.

नाशिकमध्ये ‘एशिया कप’ म्हटलं की समोरचा क्रिकेटचंच बोलायला लागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. गोल्फ क्लब ग्राउंडवर रणजीचा सामना असला की अर्धं शहर तिकडं वळतं. फुटबॉलचं वेड असलेली माणसं इथं आहेत, पण विखुरलेली. देवळाली कॅम्पात आहेत, नाशिकरोडला आहेत, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत आहेत. माझे बाबा त्या इगतपुरीतले. आजोबा रेल्वेत होते. बाबा पुढं नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये लागले आणि आम्ही जेल रोडला राहायला आलो. पण फुटबॉल त्यांनी इगतपुरीहूनच आणला. तो माझ्याकडे आला, आता माझ्या मुलीकडे गेलाय. आमच्या घरात हा विषय निघाला की तीन पिढ्या एकदम बोलायला लागतात. त्या बोलण्यातूनच माझं एक मत पक्कं होत गेलं. या संघाचा इतिहास त्याच्या हरण्या-जिंकण्यात कमी आणि मधल्या रिकाम्या वर्षांत जास्त आहे. १९६४, मग १९८४, मग २०११, मग २०१९, मग २०२४. या आकड्यांच्या मध्ये जे काही झालं नाही, त्याच्याकडे आपण कधी नीट बघितलंच नाही.

१९६४ च्या स्पर्धेची गोष्ट सांगताना लोक दोन टोकांना जातात. एक जण छाती फुगवून सांगतो की आपण आशियात दुसरे होतो. दुसरा लगेच म्हणतो, चारच तर संघ होते! दोघांचंही खरं आहे. यजमान इस्रायल होता आणि राजकारणामुळं सोळापैकी अकरा देशांनी माघार घेतली. आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्या सगळ्यांनी अंग काढून घेतल्यामुळं आपण एकही सामना न खेळता मुख्य स्पर्धेत पोहोचलो. इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि जास्त गुण त्याचा कप. अंतिम सामना असा नव्हताच.

पण म्हणून तो संघ हलका ठरत नाही. दोन वर्षांपूर्वीच, १९६२ मध्ये, जकार्ताच्या एशियाडमध्ये याच पिढीनं सुवर्णपदक मिळवलं होतं. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग तिथं पुढच्या फळीत खेळला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं गोल केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. तो संघ घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम जून १९६३ मध्ये कर्करोगानं गेले. म्हणजे इस्रायलला गेलेला संघ पोरका होता. हॅरी राइट नावाचे इंग्रज प्रशिक्षक सोबत होते आणि कप्तान होते चुनी गोस्वामी. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणानं आठवत असेल. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या राहिलेल्या बंगालचे कप्तान हेच. एकच माणूस, दोन खेळ, आणि दोन्हींत कप्तान.

पहिला सामना दक्षिण कोरियाशी होता. दुसऱ्याच मिनिटाला अप्पलराजूनं गोल केला, उत्तरार्धात इंदर सिंगनं दुसरा. दोन-शून्य. ज्या कोरियाला जकार्तात हरवलं, त्यालाच पुन्हा हरवलं. तारीख होती २७ मे १९६४. त्याच दिवशी पंडित नेहरू गेले.

बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्या दिवसाचं त्यांना बरंच काही आठवतं. रेडिओवर चाललेलं शोकसंगीत, रेल्वे वसाहतीतली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिलेली, आजीनं चूल पेटवली नव्हती ती. सामन्याचं मात्र काहीच आठवत नाही. कुणालाच आठवत नसणार. असल्या दिवशी दूर देशातल्या फुटबॉलच्या निकालाकडे कोण बघणार? आपल्या फुटबॉलच्या मोठ्या विजयांतला एक असा देशाच्या नकळत होऊन गेला. बाबांना तो कितीतरी वर्षांनी कळला, तोही प्रेसमधल्या एका बंगाली सहकाऱ्याकडून.

पुढं इस्रायलशी शून्य-दोन हरलो आणि हाँगकाँगला तीन-एक हरवलं. त्यात इंदर सिंग, समाजपती आणि चुनी गोस्वामी यांचा एकेक गोल. दोन गोलांसह इंदर सिंग स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघांपैकी एक ठरला. संघ दुसरा आला. आणि मग वीस वर्षं काहीच नाही.

वीस वर्षं म्हणजे एका खेळाडूची अख्खी कारकीर्द, वर निवृत्तीचीही काही वर्षं. १९८४ मध्ये सिंगापूरला जो संघ गेला, त्यात १९६४ मधलं कुणी असणं शक्यच नव्हतं. प्रशिक्षक मिलोवान चिरिच हे युगोस्लाव्हियाचे. या वेळी मात्र आपण खेळून पात्र झालो होतो, कुणाच्या माघारीमुळं नाही. सिंगापूरशी शून्य-दोन, अमिरातीशी शून्य-दोन, चीनशी शून्य-तीन. एकही गोल नाही. पण मध्ये इराणशी शून्य-शून्य! तो इराण तोवर तीनदा आशियाचा विजेता होता. माझ्या मते या सोळा सामन्यांमधला सर्वांत दुर्लक्षित निकाल हाच. हरण्याची जवळजवळ खात्री असताना नव्वद मिनिटं गोल न खाता उभं राहणं सोपं नसतं. बचावात खेळलेल्या कुणालाही विचारा. ते दिवसही विलक्षण होते. इंदिरा गांधींची हत्या होऊन महिना झालेला, त्याच पंधरवड्यात भोपाळ झालं, निवडणुका तोंडावर. पुन्हा एकदा देशाचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि ते तसं असणं अगदी साहजिक होतं.

मग सत्तावीस वर्षांची खाच. या काळात मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न झालं. भारत एशियन कपमध्ये नव्हता. विश्वचषक बघायला आम्ही रात्र रात्र जागायचो, ब्राझीलसाठी, अर्जेंटिनासाठी, एका वर्षी तर कॅमेरूनसाठी. आपलं म्हणावं असं तिथं काही असू शकतं, हा विचारच मनातून गेला होता.

२०११ ला कतारमध्ये आपण पोहोचलो ते २००८ चा एएफसी चॅलेंज कप, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची एक स्पर्धा, जिंकल्यामुळं. अंतिम सामन्यात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानला चार-एक हरवलं होतं आणि सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली होती. प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी कित्येक महिने संघाला एकत्र ठेवून तयारी करून घेतली. आणि पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियानं चार गोल केले. मग बहारीननं पाच, त्यातले चार एकट्या इस्माईल अब्दुल्लतीफचे. मग कोरियानं चार. कोरियाविरुद्ध गोलरक्षक सुब्रत पाल ज्या तऱ्हेनं उड्या घेत होता ते बघून बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. तो नसता तर आकडा दहावर गेला असता. दुखापतीनं बेजार झालेला बायचुंग भुतिया त्या सामन्यात शेवटी काही मिनिटांसाठी मैदानात आला. इतकी वर्षं ज्यानं भारतीय फुटबॉल खांद्यावर वाहिला, त्याच्या वाट्याला एशियन कपची एवढीच मिनिटं आली.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथं आहे. कोरिया, इराण, सौदी, जपान यांच्या संघात दर चार वर्षांनी मागच्या स्पर्धेत खेळलेले सात-आठ जण असतात. ड्रेसिंग रूममध्ये ते नव्या पोरांना सांगतात की राष्ट्रगीतानंतर पाय जड होतात, पहिली दहा मिनिटं बॉल साधा ठेव. असलं ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, एकानं दुसऱ्याला सांगायचं असतं. आपल्याकडे १९६४ च्या माणसाला सांगायला कुणी नव्हतं, १९८४ च्या माणसालाही नव्हतं. प्रत्येक वेळी संघ जणू पहिल्यांदाच तिथं गेला. एका स्पर्धेतला अनुभव दुसऱ्या स्पर्धेत घेऊन जाणारा माणूस आपल्याला मिळाला तो थेट छेत्रीच्या रूपानं. २०११, २०१९ आणि २०२४, तिन्ही स्पर्धांत तो मैदानावर उतरला. या कपमधले आपले बारापैकी चार गोल त्याचे आहेत.

२०१५ ला पुन्हा गैरहजर. त्याच वर्षी मार्चमध्ये फिफाच्या क्रमवारीत आपण १७३ व्या जागी होतो, याच्या खाली कधी गेलोच नव्हतो. तिथून चार वर्षांत प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइनचा संघ अमिरातीत पोहोचला. ६ जानेवारी २०१९, रविवार, अबू धाबी, समोर थायलंड. मध्यंतराला एक-एक. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच उदांता उजवीकडून सुसाट सुटला आणि छेत्रीनं बॉल न थांबवता जाळ्यात मारला. मग अनिरुद्ध थापानं गोलरक्षकाच्या अंगावरून हलकेच उचललेला तिसरा. मग नुकताच बदली म्हणून आलेल्या जेजेचा चौथा. चार-एक! या कपमध्ये पंचावन्न वर्षांनी मिळालेला विजय. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत कुणी फटाके वाजवले नाहीत, पण आमच्या हॉलमध्ये बाबांनी सात वर्षांच्या नातीला उचलून घेतलं आणि दोघं नाचले. बाबांचे गुडघे तेव्हाही दुखत होते.

अमिरातीशी आपण शून्य-दोन हरलो, पण दोनदा बॉल गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. तो सामना हरण्याच्या लायकीचा नव्हता, असं मी आजही म्हणेन.

मग १४ जानेवारी, शारजा, बहारीन. आमच्याकडे त्या दिवशी भोगी होती, संक्रांत दुसऱ्या दिवशी आली होती. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. सामना रात्री साडेनऊला, म्हणून जेवणं लवकर उरकली. थंडी अशी की टीव्हीसमोर तिघंही एका रजईत. गणित साधं होतं, बरोबरी झाली तरी आपण बाद फेरीत. तिकडं थायलंडची अमिरातीशी बरोबरी चाललेली. अनस एडथोडिका सुरुवातीलाच दुखापतीनं बाहेर गेला. त्यानंतर बहारीन येत राहिलं आणि आपण परतवत राहिलो. ऐंशी मिनिटं. पंच्याऐंशी. बाबा पुटपुटत होते, ‘‘बॉल बाहेर मारा रे, लांब मारा.’’ नव्वद मिनिटं झाली. जादा वेळ सुरू झाला आणि आपल्या गोलसमोरच्या पेटीत प्रणय हलदरचा पाय बहारीनच्या खेळाडूला लागला. त्या रात्री कप्तानाची पट्टी त्याच्याच दंडावर होती. संपूर्ण सामन्यात तो जिवाच्या आकांतानं धावला होता. पेनल्टी. जमाल रशीदनं ती मारली. शून्य-एक.

मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, आता पुढची मॅच कधी?’’ बाबांनी उत्तर दिलं नाही. मीच म्हटलं की आता चार वर्षांनी. तिला ते पटेना. तिच्या दृष्टीनं चार वर्षं म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य. खरं तर मलाही पटत नव्हतं. त्याच रात्री कॉन्स्टन्टाइन यांनी पद सोडलं. म्हणजे जे चार वर्षांत जमवलं ते पुन्हा नव्या माणसानं नव्या पद्धतीनं जमवायला घ्यायचं.

कोविडमुळं आणि यजमान बदलल्यामुळं पुढची स्पर्धा पाच वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये कतारला झाली. त्या दिवसांत नाशिकला राष्ट्रीय युवा महोत्सव होता. तपोवनाकडे मांडव, प्रत्येक राज्यातून आलेली मुलं-मुली रस्त्यारस्त्यांवर. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला संध्याकाळी, आपण ऑस्ट्रेलियाशी खेळलो. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होतं. तो सामना जपानच्या योशिमी यामाशिता यांनी चालवला, पुरुषांच्या एशियन कपमध्ये शिट्टी वाजवणारी पहिली स्त्री. माझी मुलगी छेत्रीइतकीच त्यांच्याकडे बघत होती. आपल्या बचावात राहुल भेके होता. पडद्यावर मराठी आडनाव दिसल्यावर बाबांना झालेला आनंद लपत नव्हता. शेवटी शून्य-दोन. उझबेकिस्तानशी शून्य-तीन, सीरियाशी शून्य-एक. १९८४ नंतर पुन्हा एकदा एकही गोल न करता परत. प्रशिक्षक इगोर श्टिमॅच यांना तयारीला फार थोडे दिवस मिळाले होते आणि अन्वर अली, आशिक, जीक्सन जायबंदी होते. ही कारणं खरी आहेत. पण तयारीचे दिवस कमी का पडतात, हे दर वेळी नव्यानं विचारावं लागतं.

२०२७ च्या सौदीतल्या स्पर्धेला तर आपण पोहोचणारच नाही. पात्रता फेरीत बांगलादेशाशी शिलाँगला शून्य-शून्य, हाँगकाँगशी हार, सिंगापूरशी तिकडं बरोबरी आणि मग १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्ड्यावर त्याच सिंगापूरशी एक-दोन अशी हार. तिथंच संपलं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाशीही हरलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. चोवीस संघांच्या स्पर्धेत आपल्याला जागा नाही. पुढची खाच किती वर्षांची असेल, याचा विचार करायलाही मला नको वाटतं.

मुलींच्या संघाकडे वळले की मला वेगळंच बळ येतं, आणि रागही येतो. १९८० मध्ये कालिकतला आणि १९८३ मध्ये बँकॉकला आपल्या मुली आशियात उपविजेत्या होत्या. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? मग जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा एशियन कप आपल्याच राज्यात आला. नवी मुंबई, अंधेरी, पुण्याचं बालेवाडी. कसारा घाट उतरलं की नवी मुंबई कितीशी लांब! पण कोविडमुळं प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. घरातूनच बघितलं. इराणशी पहिला सामना शून्य-शून्य. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध आपल्याला संघच उतरवता आला नाही. इतक्या खेळाडूंना लागण झाली होती की किमान तेरा जणीही उभ्या राहीनात. संघ स्पर्धेतून बाद धरला गेला आणि इराणबरोबरचा तो सामनाही रद्दबातल ठरला. खेळलेली नव्वद मिनिटंसुद्धा कागदावर राहिली नाहीत. त्या स्पर्धेतूनच विश्वचषकाची वाट होती.

त्याच संघातल्या कितीतरी जणी पुढं टिकल्या. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये, चिआंग माईला, संगीता बासफोरच्या दोन गोलांवर आपण थायलंडला दोन-एक हरवलं आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या एशियन कपची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून, जिंकून तिथं जाण्याची आपल्या महिलांची ही पहिली वेळ. पेटीबाहेरून मारलेला संगीताचा पहिला गोल आमच्या घरात किती वेळा लावला गेला असेल! मुलीनं मग आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये लांबून फटके मारले. शेजारच्या काकूंच्या कुंड्या मी दोनदा बदलून दिल्या.

मुलगी आता शाळेच्या संघात खेळते. तिचा मोसम असा असतो. जून-जुलैत सराव, मग शालेय स्पर्धा. स्पर्धा बाद पद्धतीची. या वर्षी पहिलाच सामना चिखलात झाला. बॉल पाण्यात थबकत होता, पायातले बूट उचलले जात नव्हते आणि सामना टायब्रेकरवर गेला. आमच्या संघाची तिसरी पेनल्टी खांबाला लागली. झालं. शाळेचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं आणि फुटबॉलचं वर्ष संपलं. मुलींनी मोजे पिळले, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि स्कूल बसमध्ये बसल्या. जिंकलेल्या संघाचंही फार वेगळं नसतं. पुढच्या फेरीत हरला की त्याचंही वर्ष संपतं. पेनल्टी हुकवलेल्या मुलीला ती भरून काढायला पुढचा शनिवार मिळत नाही, पुढचं वर्ष मिळतं. तोवर दहावी येते, क्लास लागतो आणि खेळ सुटतो.

गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला आता टर्फ झालेत. तासाच्या भाड्यानं मिळतात, दिवे लावून रात्री अकरापर्यंत खेळ चालतो. चांगलंच आहे, पोरं बॉलला पाय लावतात. पण पाच-पाच जणांचा तासाभराचा खेळ म्हणजे सामना नव्हे. अकरा जणांच्या मैदानावर ऐंशी मिनिटं उभं राहून, दम गेल्यावरही जागा न सोडणं सामन्यांतच शिकता येतं. शारजात शेवटच्या मिनिटाला जे लागत होतं ते हेच. ज्या देशातला मुलगा किंवा मुलगी वर्षाला दोन-तीन खरे सामने खेळते, त्या देशाचा संघ आशियात अधूनमधूनच दिसणार. वरच्या पायरीवरची ती सत्तावीस वर्षांची खाच आणि खालच्या पायरीवरची ही अकरा महिन्यांची खाच, मला दोन्ही एकच वाटतात.

म्हणून आम्ही काही पालक सध्या खटपट करतोय. नाशिकरोड, देवळाली, सिडको, सातपूर आणि गंगापूर रोड या भागांतल्या शाळांची साखळी स्पर्धा. दर रविवारी सकाळी सामने, प्रत्येक शाळेनं प्रत्येक शाळेशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. हरलं तरी पुढच्या रविवारी यायचंच. मैदानं मिळतायत, जाळ्या शिवून घेता येतील, पण पंच कमी आहेत. बाबा म्हणतात की रेषेवर झेंडा घेऊन मी उभा राहतो, गुडघ्याचं बघू. मी त्यांना खुर्चीवर बसून वेळ धरायचं काम दिलंय. सुरुवात मुलांच्या गटानं करावी असं बहुतेकांचं मत आहे, कारण त्यांचे संघ तयार आहेत. मी मुलींच्या गटासाठी अडून बसले आहे. त्यांचे संघ कमी आहेत, सहाच होतील, पण सहांनाही दहा-दहा सामने मिळतात, आणि खांबाला लागलेली ती तिसरी पेनल्टी मारणारी मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाणार आहे.